एका सेक्शनात एकच गाडी

शिरूरला रेल्वे नाही. आयुष्यभर स्टेशनमास्तर म्हणून काम केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर राहण्यासाठी हेच गाव निवडावे, याचे मला प्रथम नवल वाटले होते. मी तसे विचारले तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच निवडलं, गुरुजी. हितं एकदा निजलं की कुठली गाडी पास करायची न्हाई."

ते आमचे घरमालक. खाली ते एकटे राहत, वर आम्ही पतिपत्नी. मी गावातल्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. त्यांना सारे आप्पा म्हणत, मीही म्हणे. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली होती. तेव्हा तो मार्ग एकेरी होता. एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंतच्या तुकड्याला ते सेक्शन म्हणत. एका सेक्शनात एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि ती सोडताना चालकाच्या हाती लोखंडाचा एक गोळा द्यायचा. त्याचे नाव टोकन. ते टोकन पुढच्या स्टेशनमास्तराच्या हाती पडेपर्यंत दुसऱ्या गाडीला आत येण्याची परवानगी नाही. हा नियम आप्पांनी चौतीस वर्षे पाळला. निवृत्तीनंतर रूळ राहिले नाहीत, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या शरीराला लावला.

त्यांना सांध्यांना सूज आणणारा तो विकार होता, ज्यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. डॉक्टरांनी त्यांना तो चित्रे काढून समजावला होता. आप्पांनी तो मला एका वाक्यात समजावला. "आपलेच गँगमन आपलेच रूळ उखडाय लागलेत."

या विकारावर त्यांची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असे. तिला ते मेल म्हणत. मेल गुरुवारी सकाळी सुटे. पाहुणे आले असोत, लग्न असो, ग्रहण असो, ती थांबत नसे. बाकी जे काही लोक सुचवत, माशाचे तेल, हळदीचा अर्क, शेवग्याच्या पाल्याचे चूर्ण, ते सारे पॅसेंजर. पॅसेंजर सोडण्यापूर्वी ते डॉक्टरांना फोन करून विचारत. त्याला ते कंट्रोलला विचारणे म्हणत. कंट्रोलने होकार दिला की ती एकच बाटली हिरव्या रुमालावर ठेवली जाई, तीन महिने. बाकीच्या बाटल्या कपाटात, लाल रुमालाखाली.

परिणाम मोजण्याची त्यांची रीत होती. त्यांनी सुताराकडून बाभळीच्या लाकडाचा एक गोळा करून घेतला होता. जुन्या टोकनाच्या मापाचा, असे ते सांगत. सकाळी उठल्याबरोबर तो उजव्या हातात घेऊन ते ओट्यावर बसत. प्रारंभी बोटे ताठ असत, गोळा नुसता तळव्यावर टेकलेला असे. हळूहळू बोटे वाकत. पाचही बोटे गोळ्याला टेकली की ते घड्याळ पाहत आणि किती मिनिटे लागली ते वहीत लिहीत. येणारे-जाणारे नमस्कार करीत. आप्पा प्रतिनमस्कार करीत नसत, कारण हात गुंतलेला असे. पहिल्या वर्षी पुष्कळांचा गैरसमज झाला. नंतर लोकही, "आप्पा, आली का गाडी?" असे विचारून पुढे जाऊ लागले.

त्या वहीतील काही नोंदी मला आठवतात. माशाचे तेल: "पोचली. अकरा मिनिटं वाचली. पुन्हा सोडावी." हळदीचा अर्क: "एक कॅप्सूल खिशात फुटली. सदरा पिवळा. वेळेत फरक नाही." सांध्यांच्या एका महागड्या गोळीविषयी: "वेळेत सुटली, वेळेत पोचली, प्रवासी कुणी उतरला नाही." शेवग्याचे चूर्ण: "पोटात रुळावरून घसरली. जीवितहानी नाही." 'ड' जीवनसत्त्वाची पुडी मात्र रक्त तपासून डॉक्टरांनीच लिहिलेली होती. ती नोंद ते वेगळ्या पानावर ठेवीत. "ही स्पेशल हाय. वरून हुकूम आलाय, आपण मत द्यायचं न्हाई."

आमचा स्नेह झाकणांमुळे जडला. त्या बाटल्यांची झाकणे दाबून फिरवावी लागत, आणि ज्याची बोटे धड आहेत त्यालाच ती उघडत. ज्यांची बोटे धड आहेत त्यांना त्या बाटल्यांची गरज नसते, ही गोष्ट ती झाकणे करणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. म्हणून सकाळी आठ वाजता, पूजा आटोपून, मी खाली जाई आणि झाकण उघडून देई. माशाच्या तेलाचे तीन महिने आले तेव्हा मी क्षणभर थांबलो.

आप्पा म्हणाले, "गुरुजी, मासा मी खातोय. तुम्ही निस्तं झाकण उघडा."

मी झाकण उघडीत असे, वर येऊन पुन्हा हात धूत असे आणि आचमन करीत असे. देवाने याविषयी कधी नाराजी दाखवली नाही.

पुढे तोच विकार माझ्या पत्नीला झाला. तिचे हात हे आमच्या देवघराचे अर्धे वैभव होते. रोज पहाटे ती आप्पांच्या अंगणातली फुले वेचून हार गुंफी. सुई धरेनाशी झाली तेव्हा मी सुटी फुले वाहू लागलो. ती फुले वेचून आणल्यावर परडी माझ्यापुढे ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली. भाद्रपदात डॉक्टरांनी तिला तीच आठवड्याची पांढरी गोळी सुरू केली, सोमवारी एक. आणि उरलेल्या दिवशी एक लहानशी पिवळी गोळी, पहिल्या गोळीचा त्रास होऊ नये म्हणून. तिची इच्छा एवढीच होती की नवरात्रात घटावर ज्या नऊ माळा बांधायच्या, त्या या वर्षी स्वतःच्या हाताने गुंफाव्यात.

तिला वाराचे भान कमी. उपास मात्र ती कधीही विसरत नसे. आजारपणामुळे तिचे बाकीचे उपास मीच सोडवले होते. सोमवार तेवढा उरला होता. म्हणून मी एका कागदावर नियम लिहिला आणि गोळ्यांच्या डब्यावर चिकटवला. "जेवणाच्या दिवशी पिवळी. उपासाच्या दिवशी पांढरी." सूत्र थोड्या अक्षरांचे आणि निःसंदेह असावे, असे आम्हाला पाठशाळेत शिकवले होते. मला तो कागद बरा वाटला. मी तो आप्पांनाही दाखवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "वाराचं नाव ल्ह्या की, गुरुजी."

"वार तिच्या लक्षात राहत नाही. उपास राहतो."

"स्टेशनला नाव असतंय. 'गाडी थांबती ते ठिकाण' असं काय कुणी बोर्डावर लिवत न्हाई."

मी हसलो. संक्षेप म्हणजे काय हे रेल्वेत शिकवीत नसावेत, असे मला वाटले. आणि तसे वाटल्याचे आता सांगताना मी काही लपवू इच्छीत नाही.

त्याच सुमारास आप्पांचा पुतण्या एक डबा घेऊन आला. हा शिक्रापूरला राहत असे. कारखान्यातल्या कामगारांना खोल्या भाड्याने देई, हंगामात निमोण्याकडचा झेंडू आपल्या पिकअपमधून बाजारात नेई, आणि फावल्या वेळात हिरव्या रंगाची एक पावडर विकी. मी झाकण उघडायला खाली गेलो होतो, म्हणून ती मुलाखत मला ऐकायला मिळाली.

"आप्पा, ह्यात बेचाळीस जडीबुटी हायेत."

"म्हंजी बेचाळीस गाड्या."

"आवो, पण सगळं एकाच डब्यात हाय की!"

"टक्कर झाल्यावर बी सगळं एकाच डब्यात असतंय. चूक कुणाची ते कळत न्हाई मग."

"बाकीच्या गोळ्या बंद करून टाका, वात मुळासकट जातोय. हा व्हिडिओ बघा. ही बाई. आधी हिला हलता येत न्हवतं, आन् आता पळतीया."

आप्पांनी चष्मा लावून ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. "पळतीया खरी. कुणाच्या मागं?"

"कुणाच्या मागं न्हाई आप्पा, निस्तीच."

"मग बिनकामाचं पळणं मला नगं. मेल बंद करा म्हणणाऱ्या माणसाला आमी स्टेशनात उभं करत न्हवतो. च्या घे आन् नीघ."

पुतण्याने चहा घेतला. जाताना मात्र डबा आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला आणि वर पाहून म्हणाला, "काकू, फुकट हाय. पटलं तर घ्या." माझ्या पत्नीला ते पटले. नऊ माळांची ओढ होती. मुख्य गोळ्या चालूच ठेवायच्या, पावडर वरून घ्यायची, असे ठरवून आम्ही घटस्थापनेला ती सुरू केली. आप्पांपासून मी ही गोष्ट लपवली असे म्हणणे कठोर होईल. मी ती सांगितली नाही.

पहिल्या माळेला तिला तास लागला; पण माळ तिने गुंफली. दुसरीही. झेंडूची फुले एकमेकांना घट्ट बसलेली, मध्ये कोठेही फट नाही, जशी पूर्वी असत. मी घटावर ती बांधताना ती दारात उभी राहून पाहत होती. नवरात्राचे नऊ दिवस ती उपास करते, हे आमच्या घरी इतके ठरलेले आहे की त्याचा कोणी विचार करीत नाही. मीही केला नाही.

चौथ्या दिवशी तिचे तोंड आले. आम्ही म्हटले, उपासाची उष्णता. पाचव्या दिवशी पाणी गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी येऊ लागले. सहाव्या दिवशी सकाळी ती सुई हातात घेऊन बसली; अर्धी माळ झाली आणि ती भिंतीला टेकली. अंगात ताप होता. मी खाली गेलो. आप्पा गोळा हातात घेऊन बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी गोळा खाली ठेवला. बोटे टेकण्याआधी तो खाली ठेवलेला मी प्रथमच पाहिला.

"काय झालं?"

मी तोंड आल्याचे सांगितले, ताप सांगितला, आणि मग ते सांगितले जे सांगितले नव्हते. "आप्पा, तुमच्या पुतण्याची ती पावडर. घटस्थापनेपासून ही घेते आहे. त्या पावडरीनेच केले हे."

ते रागावले नाहीत. "पावडर मागनं बघू. नव्या गाडीवर आळ घेणं सोपं असतंय. आधी जुनी गाडी कुठं हाय ती बघाय पायजे. चला."

आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. आप्पा दोन्ही हात भिंतीला लावून त्या चढले. वर येताच त्यांनी माझ्या पत्नीकडे गोळ्यांची स्ट्रिप मागितली. पांढऱ्या गोळ्यांची, दहाची. नवरात्रापूर्वी तीन सोमवार झाले होते, नवरात्रातला एक. चार खळगे रिकामे असायला हवे होते. आप्पांनी बोटाच्या पेराने ते एकेक मोजले. नऊ रिकामे होते.

"वहिनी, ही रोज घेतलीत?"

तिला बोलणे जड जात होते. "उपास आहे ना रोज. उपासाच्या दिवशी पांढरी. ह्यांनीच लिहून दिलंय."

शाळेत ज्यांना उत्सुकता असे अशा मुलांना मी तीस वर्षे अतिव्याप्ती नावाचा दोष शिकवला. लक्षण, म्हणजे व्याख्या, असे करावे की ते नको तिथे लागू पडू नये. शिंगे असलेला पशू म्हणजे गाय, असे म्हटले की म्हशीलाही गाय म्हणावे लागते, मुले हसत. सोमवार हा उपासाचा दिवस; नवरात्राचे नऊही दिवस उपासाचे. आठवड्यात एकदा घ्यायची ती गोळी माझ्या पत्नीने सहा दिवस रोज घेतली होती, आणि तिची काहीही चूक नव्हती. तिने माझ्या सूत्राचे अक्षरशः पालन केले होते.

मी बहुधा तसाच उभा राहिलो असेन, कारण आप्पा म्हणाले, "गुरुजी, चपला घाला."

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. उत्तर दोन वाक्यांत आले. सर्व बंद करा. लगेच पुण्याला निघा, मी तिथल्या रुग्णालयाला कळवतो. मग त्यांनी पुतण्याला फोन केला. तो झेंडूचे क्रेट भरून शिरूरच्याच बाजारात आला होता.

"पावडरवाल्या, गाडी घेऊन ये. न्हाई, फुलं उतरवत बसू नगंस."

पिकअपमध्ये पुढे पुतण्या, मध्ये पत्नी, कडेला मी. मागे क्रेटांच्या मध्ये आप्पा. निघण्यापूर्वी त्यांनी मला हिरवा रुमाल मनगटाला बांधायला लावला, कारण तो मुठीत राहत नव्हता. कशासाठी, हे मी विचारले नाही. शिक्रापूरच्या चौकात ते कळले. ट्रकांची रांग दूरवर थांबलेली होती. मागून आप्पांचा हात बाहेर आला, खांद्याच्या सरळ रेषेत, हिरवा रुमाल फडकत. ट्रकवाल्यांना रेल्वेच्या खुणा कळतात असे मला वाटत नाही. परंतु झेंडूच्या राशीत उभा राहून एक वृद्ध गृहस्थ अशा खात्रीने गाडी सोडतो आहे, हे पाहून ते बाजूला झाले. पुतण्या म्हणाला, "काकू, घाबरू नगा, आप्पा माग्नं सिग्नल देत्यात." तिला हसू आले आणि त्याने तोंड दुखले.

रुग्णालयात तिला त्या पांढऱ्या गोळीवरचा उतारा सुरू झाला. रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या. आणखी दोन दिवस गेले असते तर आपले बोलणे वेगळे झाले असते, असे तिथल्या तरुण डॉक्टर बाई म्हणाल्या. पावडरीचा डबाही त्यांनी पाहिला. त्यात नेमके काय आहे ते डब्यावरून कळत नाही, म्हणून तोही बंद करायला सांगितला. आप्पांच्या वहीत पावडरीसमोर नंतर "तपास अपूर्ण" एवढीच नोंद झाली. पुतण्याला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. पुतण्याने उरलेले डबे कोणाला परत केले ते मला ठाऊक नाही; त्यानंतर तो केवळ झेंडू विकताना दिसे.

तिला खाटेवर घेतले तेव्हा तिने मला जवळ बोलावले. "घटाचं काय?"

आमच्या घरच्या घटाला परक्याचा हात लागत नाही. घट उठेपर्यंत माळ चुकत नाही. हे दोन्ही नियम माझ्या आजोबांपासूनचे आहेत, आणि ते दोन्ही एकाच वेळी पाळणे आता शक्य नव्हते. 

आप्पा पायथ्याशी उभे होते. "सहावी माळ अर्धी हाय का, वहिनी?"

"अर्धी."

"सुई कुठं खोचलीया?"

"परडीच्या काठाला."

ते माझ्याकडे वळले. "मला मंत्र येत न्हाई, गुरुजी. चालंल का?"

"नाव घ्या," मी म्हणालो, आणि घराची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मुठीत धरण्याचा प्रयत्न केला, मग सदऱ्याच्या खिशात टाकली.

आप्पा आता दौंडला मुलीकडे असतात. तिचे घर रुळांपासून दोन शेतांवर आहे. झोप लागत नाही म्हणतात. दर गाडीला जाग येते आणि ती वेळेवर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुन्हा डोळा लागत नाही. दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन येतो. माझ्याशी बोलण्यापूर्वी ते पत्नीशी बोलतात. "वहिनी, मेल गेली का?" ती म्हणते, "गेली, आप्पा." मग ते फोन ठेवतात. माझ्याशी बोलायचे पुष्कळदा राहून जाते.

त्या वर्षी पत्नीला रुग्णालयातून घेऊन मी परतलो तो दिवस कोजागिरीच्या आदल्या दिवशीचा. दसरा होऊन गेला होता. घट तसाच होता. तो उठवण्याची परवानगी आपल्याकडे नव्हती, असे आप्पांनी नंतर सांगितले. घटाभोवतीचे धान्य हातभर वाढून पिवळे पडले होते. वर नऊ माळा होत्या. पाच तिच्या. सहावी अर्ध्यापर्यंत घट्ट, आणि तिथून पुढे फुलांमध्ये बोटभर अंतर. उरलेल्या तीन साऱ्याच विरळ. काही फुलांतून सुई दोनदा गेलेली, दोऱ्याला गाठी, गाठींवर गाठी. या तिन्ही माळांना एकेक चिठ्ठी टोचलेली होती. मी चष्मा लावून वाचल्या.

"सातवी. सुटली नऊ चाळीस. पोचली अकरा पंचावन्न. उशिराचे कारण: बोटे."

"आठवी. सुटली नऊ तीस. पोचली अकरा वीस. कारण: तेच."

"नववी. सुटली नऊ तीस. पोचली दहा पन्नास. कारण: सुई हरवली, सापडली."

पत्नी बराच वेळ त्या माळांकडे पाहत उभी राहिली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिने मला हाक मारली. गोळ्यांच्या डब्यावरचा माझा कागद कोणी तरी नखाने खरवडून काढला होता. त्या जागी दुसरा कागद होता. त्यावर एकच शब्द होता, सोमवार. मोठा, वेडावाकडा, शेवटचे अक्षर कागदाच्या कडेवरून डब्यावर गेलेले. खाली सवयीने वेळ टाकली होती. आरंभ चार दहा, समाप्ती चार अठरा.

चार अक्षरांना आठ मिनिटे लागली होती. माझे सूत्र मी अर्ध्या मिनिटात लिहिले होते.